गद्रे डॉक्टरांचा नारू

गद्रे डॉक्टर माणसाचं तोंड बघत नसत, पाय बघत. तुम्ही दवाखान्यात शिरा, नाव सांगा, ताप सांगा, खोकून दाखवा, त्यांची नजर आपली तुमच्या घोट्यावर. "पाय बघू," हे त्यांचं पहिलं वाक्य. डोळे आलेल्यालाही तेच आणि कान फुटलेल्यालाही तेच. एकदा खुद्द मामलेदारसाहेब दाढ धरून आले. त्यांनाही विजार वर करायला लावली. बिचाऱ्यांनी एका हातानं गाल धरला, दुसऱ्या हातानं विजार धरली. डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या, "छान! काही नाही!" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. दाढेला लवंगेचं तेल शेवटी मीच लावलं. मी म्हणजे त्या दवाखान्याचा कंपौंडर, वामनराव.

मी नोकरीला चिकटलो निजामाच्या अमलात. तेव्हा सगळा कारभार उर्दूत. मग राज्य बदललं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, दवाखान्याची पाटी बदलली आणि आमच्या राशीला पुण्याकडचे डॉक्टर आले. गद्रे त्यातलेच. उंच, काटकुळे, भर वैशाखात अंगात कोट. बायको नाही, पोर नाही. घरात सामान म्हणाल तर एक पितळी सूक्ष्मदर्शक, ज्याला आम्ही सगळे दुर्बीणच म्हणायचो, आणि पाणी उकळायचं एक काळंठिक्कर पातेलं. कुणाच्या घरी पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. खांद्याला स्वतःची बाटली असायची. लोकांना वाटायचं, बामण लई सोवळ्याचा आहे. सोवळंबिवळं काही नव्हतं, त्यांना नारूचं वेड होतं.

नारू ज्यांनी बघितला नाही त्या नशीबवानांना सांगतो. उन्हाळ्यात पायावर एक फोड येतो. आग आग होते. फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढतो. हातभर लांब असतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, लाडीगोडीनं. ओढाओढीत तुटला की पाय भोपळ्याएवढा सुजलाच म्हणून समजा. ऐन पेरणीच्या तोंडावर गावंच्या गावं बाजेवर पडलेली मी बघितली आहेत. बैल मोकळे, तिफण कोपऱ्यात आणि घरधनी पायाला काडी बांधून कण्हतोय.

आमचे लोक म्हणायचे, उष्णतेनं होतो. कुणी म्हणायचं, भोग आहे. डॉक्टर म्हणायचे, "पायऱ्यांची विहीर! दुसरं काही नाही. नारूवाला माणूस पाण्यात पाय घालतो, नारूची पिल्लं पाण्यात उतरतात, पाण्यातला बारीक किडा ती गिळतो, तो किडा तुम्ही गिळता आणि वर्षानं तुमच्या पायातून नारू निघतो. जगानं हे कधीच मान्य केलंय, वामनराव. फक्त चिंचवाडीनं करायचं राहिलंय!"

या वेडापायी त्यांनी माझ्या घरचं कार्यसुद्धा सोडलं नाही. बहिणीला बघायला वाशीकडचा मुलगा आला होता. बडी असामी म्हणून मी डॉक्टरांना मुद्दाम बोलावलं. मुलगा जरा लंगडत आला. झालं! मंडळी पोह्यांच्या बश्या हातात धरून बसलेली आणि डॉक्टर गुडघे टेकून नवऱ्या मुलासमोर. "पाय बघू. पायजमा वर करा." मुलाचा बाप लालेलाल. मी मनात म्हटलं, वामनराव, गेलं हे स्थळ. मुलाला काटा मोडला होता. डॉक्टरांनी तो तिथंच काढला, मुलाच्या बापाला दाखवला आणि म्हणाले, "मुलगा उत्तम आहे. पायाकडून माझी काही हरकत नाही." नशीब बलवत्तर, लग्न जमलं.

तर ही चिंचवाडी. येडशीच्या पलीकडं, माळावरचं गाव. गावाच्या मधोमध जुनी दगडी बारव, खालपर्यंत पायऱ्या. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागरी भरायच्या. पुरुष तिथंच पाय धुवायचे. दर उन्हाळ्यात निम्मं गाव नारूनं आडवं. डॉक्टरांचं एकच मागणं होतं: पायऱ्या भिंत घालून बंद करा, वर रहाट बसवा, पाय पाण्याला लागता कामा नये. आणि तोवर पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या. हे त्यांनी देवळात सांगितलं, चावडीवर सांगितलं, एका बारशात पाळण्याशेजारी उभं राहून सांगितलं. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन तसंच पाणी प्यायचे.

गावचे बाबाराव पाटील तर भिंतीचं नाव काढलं की फुरफुरायचे. त्यांच्या आज्यानं त्या पायऱ्या दुरुस्त केल्या होत्या ना! शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण बैलगाडीत घातली, मांडीवर घेऊन चिंचवाडीला नेली, बारवेतलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं आणि चावडीवर पाटलांना डोळा लावायला सांगितलं.

"दिसलं का?"

"दिसलं की. लई चपळ हाय."

"तोच तो किडा. त्याच्या पोटात नारूची पिल्लं असतात."

पाटलांनी डोळा काढला. "डॉक्टर, ह्ये राईपरास बारीक. अन् नारू निघतो हातभर. मंग मधल्या काळात त्ये खातं काय?"

"तुम्हाला!" डॉक्टर म्हणाले.

सगळी चावडी हसली. पाटील हसले नाहीत. मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आसं? मंग तुमी प्या की आमचं पाणी. तुमी तर बाटलीवालं. तुमाला निघाला नारू, तर म्या सोता भिंत घालतो. न्हाय निघाला, तर पुन्ना या बारवंचं नाव काढायचं न्हाय."

मी डॉक्टरांचा कोट ओढला. पण हे गृहस्थ असे खुलले की विचारू नका. "मान्य! एकदम मान्य! याला म्हणतात पुरावा!"

"साहेब, गावात निम्म्यांनाच निघतो. तुम्हाला नाही निघाला तर?"

"वामनराव, मी तळाचं पाणी पितोय. आत्ता, उन्हाळ्यात. त्यात किडे बुजबुजलेत. नाही कसा निघणार?" असं म्हणून त्यांनी हात चोळले. जेवणाच्या पंगतीला बसावं तशी घाई झाली होती त्यांना.

सगळं गाव बारवेच्या काठावर लोटलं. पाणी द्यायला पाटलांनी कोंडाबाईला पुढं केलं. ही विधवा बाई बारवेला लागूनच राहायची, लेक, सून, नातवंडं असा संसार. मागच्या साली तिला नारू निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोज येऊन, तिच्या ओट्यावर बसून, तिला शिव्या देत देत तो काडीला गुंडाळला होता. ती पाण्यात उतरली, कळशी भरली, आमच्याकडं पाठ करून पदरानं तांब्या पुसला, भरला आणि वर घेऊन आली. डॉक्टरांनी दोन मिनिटं भाषण केलं आणि घटाघटा तांब्या रिकामा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर हलगीसुद्धा आणली होती.

मग वर्षभर जे चाललं त्याला तोड नाही. तालुक्यात रामराम बंद झाला, "निघाला का?" सुरू झालं. नळदुर्गहून येणारा एसटीचा कंडक्टर खिडकीतून ओरडून विचारायचा. डॉक्टर रोज सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून आपलेच पाय बघत बसायचे. घोटा खाजला की चेहरा फुलायचा. एकदा पोटरीवर टचटचीत फोड आला. त्यांनी त्यावर ओली पट्टी ठेवली, मला पेढे आणायला सांगितले, पाटलांना निरोप धाडला. पाटील आले, फोड फुटला, आतून केस निघाला. केसतोड! पाटलांनी पेढा मात्र खाल्ला.

पुन्हा उन्हाळा आला. चिंचवाडीत माणसं बाजेवर पडायला लागली. डॉक्टरांचे पाय मात्र तुळतुळीत. माणूस पार सुकला हो. जेवण कमी झालं, रोग्याचे पाय बघायचे तेही खालमानेनं. मला म्हणाले, "वामनराव, माझं हसं झालं त्याचं काही नाही. पण त्या गावात आता भिंत होत नाही. यंदा तिथली बारकी पोरं लंगडताना बघितलीत का तुम्ही?" पाय बघणाऱ्या या माणसाला पोरं दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शर्तीचं वर्ष भरलं त्या दिवशी आम्ही चिंचवाडीला गेलो. गाव जमलेलं. डॉक्टर चपला काढून पायरीवर उभे राहिले. बाबाराव पाटील काठी टेकत, खुरडत पुढं आले. म्हणाले, "पाय बघू."

लोक खो खो हसले. पाटलांनी वाकून दोन्ही पाय नीट तपासले. मग सरळ होऊन म्हणाले, "न्हाय."

"हरलो," डॉक्टर म्हणाले. एवढंच. भाषण नाही, काही नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या बडबडीला वैतागलेलो, पण तो एक शब्द मला ऐकवला नाही.

"थांबा," गर्दीतून आवाज आला. कोंडाबाई पुढं आली. "त्ये पाणी म्या गाळलं व्हतं."

"काय?"

"तांब्यात वतताना पदर धरला. दुपदरी. तुमी समद्यांनी बघितलं. तुमाला वाटलं, पुसतीया."

अहो, जो काही गिल्ला झाला! पाटील ओरडले, "आगं भवाने, शर्त मोडलीस की!" तिनं त्यांना हातानं गप्प केलं. "तवापासनं घरचं पाणी बी गाळतीया. माज्या घरात औंदा कुणाला नारू निघाला? सांगा की. अन् पाटील, तुमच्या घरात?"

पाटलांनी खाली बघितलं. त्यांच्या स्वतःच्या पोटरीला चिंधी होती, चिंधीत काडी होती आणि काडीला वीतभर नारू गुंडाळलेला होता. सगळं गाव त्या पोटरीकडं बघत होतं. पाटलांनी मिशी चावली. मग म्हणाले, "गवंड्याला सांगावा धाडा रं कुणीतरी. भिंत घालायचीय."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. पण आमचे डॉक्टर! भिंत मिळाली याचा आनंद बाजूलाच, ते कोंडाबाईवरच उखडले. "माझ्या प्रयोगाचं वाटोळं केलंत तुम्ही! वर्ष फुकट! कुणी सांगितलं होतं तुम्हाला गाळायला?"

"तुमीच की."

पुन्हा हशा. डॉक्टर आणखी चिडले. "अहो, पण त्या दिवशी नाही! त्या दिवशी मी मुद्दाम प्यायला आलो होतो!"

"व्हय, आला व्हता," कोंडाबाई म्हणाली. आवाज एकदम खाली आला तिचा. "समदं गाव टाळ्या वाजवाय उबं. योक माणूस तुमाला 'नगा' म्हणलं न्हाय. माज्या लेकानं आसलं काय केलं आसतं, तर म्या त्याच्या हातातनं तांब्या हिसकून घेतला आसता. तुमचा हात धरणारं कुणीच नव्हतं वो तितं. मंग म्या पदर धरला."

डॉक्टरांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला, पुन्हा घातला. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. कुठं बघावं कळेना म्हणून मी बारवेत बघत राहिलो.

मग ते अगदी हळू म्हणाले, "कोंडाबाई, आज जेवायला काय केलंय?"

"पिठलं-भाकरी हाय. चला."

ती पुढं निघाली आणि डॉक्टर चपला पायरीवरच विसरून, अनवाणी, तिच्या मागं चालू लागले.