हाडातली झोप

पांडेसऱ्यातल्या कापड कारखान्यात लूम चालवणाऱ्या चिंधाचं रक्त काही केल्या वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला घेतला. रिपोर्ट आठवड्यानं येणार होता. वाईट आजार तर नसेल, या धास्तीनं त्याची बायको सरलाबाई पार सुकून गेल्या.

त्यांना धीर द्यावा म्हणून डॉक्टर म्हणाले, "बाई, रक्त हाडातच तयार होतं. तिथं रक्ताच्या मूळ पेशी असतात. भोवतालचा मगज त्यांना आईसारखं सांभाळतो, खाऊपिऊ घालतो, निजवतो. बऱ्याचशा झोपूनच असतात. सगळ्या एकदम उठल्या तर थकून संपतील."

सरलाबाईंनी एवढंच धरलं: उठवायचं नाही.

घरी येताच त्यांनी चिंधाला खाटेवर आडवं केलं आणि खिडकीला हिरवं लुगडं लावलं. "हळू बोला. त्या झोपेल शेतस."

"कोन?" चिंधा दचकला.

"तुमना हाडमातल्या!"

दुपारपर्यंत चाळीतले रेडिओ बंद झाले. भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी उभी राहून नुसते हातवारे करू लागली. शेजारचा लूमकामगार पोपट खडखडाटात राहून घरी मीठसुद्धा ओरडून मागायचा. तोही आता बायकोच्या, अंजनाबाईंच्या कानाशी कुजबुजू लागला. एकदा कुणाची तरी परात पडली, तर सगळी चाळ श्वास रोखून चिंधाच्या कमरेकडे बघत राहिली.

चिंधा त्या हिरवट अंधारात पडून असे. कानातला लूमचा आवाज हळूहळू विरत गेला. आत, हाडात, कुणी इवलंसं कूस बदलतंय, कुणी त्याच्यावर गोधडी सारखी करतंय, असं त्याला वाटे. मग तोही जपून कूस बदले. न जाणो, एखादी खाली पडायची.

रिपोर्ट आणायला सरलाबाईंसोबत अंजनाबाईही गेल्या. सरलाबाईंनी केलेला बंदोबस्त ऐकून डॉक्टरांना हसू आवरेना. "बाहेरच्या आवाजानं जागतात होय त्या? रक्त कमी पडलं की आतूनच त्यांना हाक जाते. तुमच्या नवऱ्याच्या उठल्यात, कामालाही लागल्यात. पण अंगात लोहच नाही, त्या बिचाऱ्या करणार काय? गोळ्या द्या, बरे होतील."

"म्हणजे... वाईट नाही?"

"नाही."

सरलाबाई तिथंच रडल्या. बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "चला, आता चाळीत सांगते. खुशाल रेडिओ लावा म्हणावं!"

अंजनाबाईंनी त्यांचा हात धरला. "ताई, इतक्यात नका ना सांगू."

"का वो?"

"आमचे हे आठवडाभर कानाशी येऊन बोलतात." अंजनाबाई लाजल्या. "इतका संसार झाला, पण यांचा आवाज गोड आहे, हे मला आत्ता कळलं."

गल्लीत शिरताच दारादारांतून माणसं खुणेनंच विचारू लागली. सरलाबाई क्षणभर घुटमळल्या.

"वाईट काही निघालं नाही," त्या कुजबुजल्या, "फक्त आणखी महिनाभर निजू द्या म्हणतात."