सोपानकाका आणि काडेपेटी

सोपानकाका घरी काडी ओढत नाहीत. काकू गावाला गेल्या तर चहावाचून बसतील, पण गॅस पेटवणार नाहीत. परंड्याकडच्या आमच्या माळाला आग लावायला मात्र दरवर्षी त्यांनाच बोलावतात. वाळकं गवत अन् वेड्या बाभळीची रोपं तुकड्यातुकड्यानं जाळली, की पावसाळ्यात मूळचं पवन्या गवत उठतं, पाठोपाठ चंडोल पक्षी येतात. जन्मभर वनमजूर असलेल्या काकांनी हेच केलं, दरवेळी तितकंच घाबरून.

खांद्यावर ओलं पोतं. काठीच्या टोकाला वारा कळावा म्हणून मेंढीच्या लोकरीचा झुपका. पेटवण्याआधी काका गवतात रांगत शिरतात, झुडपं हलवत आतल्या पाखरांना, सशांना म्हणतात, "उठा, बिऱ्हाड हलवा." मी शाळामास्तर, पहिली दोन वर्षं मला हसू आवरलं नाही.

यंदा काकांचं रांगून झाल्यावर वनखात्याचे साहेब आले. हार, प्रास्ताविक, मग गवताच्या महत्त्वावर तासभर भाषण, तेही गवत तुडवत. तेवढ्यात लोकर उलटीकडं उडू लागली.

"साहेब, थांबा. वारं फिरलं."

"भिता कशाला काका?"

"भेतो म्हणून तर जित्ता हाय."

साहेबांनी कॅमेऱ्याकडं बघत मशाल टेकवली.

आग आमच्याच दिशेनं आली. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुणी रानभर कापड फाडतंय असा. मागं आग अडवायची मोकळी पट्टी होती, चार पावलांची. पलीकडं धनगरांच्या वाघुरीत, जाळीच्या कुंपणात कोंडलेली मेंढरं ओरडत होती. साहेब जीपमध्ये बसले होते.

काका पट्टीवर गुडघे टेकून बसले. दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. त्यांनी लावलेली आग पट्टीच्या कडेपासून समोरच्या आगीकडं सरकत गेली, दोन्ही भिडल्या, अन् जाळायला काही उरलं नाही.

साहेबांच्या मोहिमेला यश आल्याचं माइकवरून सांगितलं गेलं. काका काळ्या जमिनीवर पुन्हा रांगत होते.

"काका, सकाळी बघितलं होतं ना?"

"बगितलं व्हतं. पर भाषणाला तास लागला, मास्तर. तासाभरात कुणी माघारी आलं असंल."

एका दगडाशी ते थांबले. काहीतरी उचलून मूठ मिटली.

"काय सापडलं?"

"ढेकूळ हाय."

बोटांच्या फटीतून करपलेलं पीस दिसत होतं. ते ढेकूळ काकांनी ओल्या पोत्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि चहाला न थांबता घरची वाट धरली.