गोर्डे सरांची डिग्निटी

गोर्डे सर लग्नाला निघताना घरून दोन भाकरी खाऊन निघतात, कारण तिथं आपल्याला जेवायला मिळणार नाही याची त्यांना खात्री असते. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहणं त्यांना मंजूर नाही. यजमानानं शोधत यावं, हाताला धरावं, "चला सर, पान वाढलंय" म्हणावं, मगच ते उठणार. हल्लीच्या यजमानाला नवरदेव कुठं आहे हेही ठाऊक नसतं. सर खुर्चीत ताठ बसून राहतात आणि घरी येऊन तिसरी भाकरी खातात.

"बिनीथ माय डिग्निटी," माझ्या स्कूटरवर मागं बसून ते सांगतात. मागं बसणंही बिनीथच, पण त्यांना गाडी येत नाही आणि या वयात शिकणं तर फारच बिनीथ.

गारखेड्यात ते माझे शेजारी. त्याआधी शाळेत त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. या वाक्प्रयोगावर त्यांनी अख्खा तास घातला होता. "बिनीथ म्हंजे खाली. माणसानं आपली पायरी ठरवावी. त्याखालचं काम आलं की म्हणायचं, बिनीथ माय डिग्निटी. मिलिंद, वापरून दाखव." मी म्हणालो, "सर, फळा पुसणं इज बिनीथ माय डिग्निटी." पुढं वर्षभर फळा मीच पुसला.

औरंगपुऱ्यात भाजीची पिशवी धरणं बिनीथ. म्हणून त्यांच्या पत्नी मंगलकाकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढं, आणि सर पाठीमागं हात बांधून त्यांच्या मागं. दवाखान्यात नंबर लावणंही बिनीथ, त्यामुळं ताप आपोआप उतरेपर्यंत ते घरीच पडून. "ह्यांची डिग्निटी एकदा उन्हात वाळवाया पायजे," काकू म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी वैशालीनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं. सरांची हरकत नव्हती. मुलाकडच्यांनी घरी येऊन, अक्षता देऊन बोलवावं, एवढीच अट. नोंदणीनं लग्न झालं, मुलाकडच्यांनी बिडकीनला जेवण ठेवलं आणि पत्रिका फोनवर पाठवली. त्यांना वाटलं, मुलीचा बाप म्हणजे घरचाच माणूस, त्याला कसलं आमंत्रण द्यायचं. काकू एकट्याच गेल्या. सर कोट चढवून फाटकाशी खुर्ची टाकून बसले.

"कुणाची वाट बघताय सर?" मी विचारलं.

"पेपरवाल्याची."

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी हा किस्सा गल्लीभर रंगवून सांगितला, याची मला आता लाज वाटते. वैशाली पुन्हा माहेरी आली नाही. पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं.

गेल्या महिन्यात बारशाचं आमंत्रण आलं, तेही काकूंच्या फोनवर. "ह्यात माझं नाव नाय," सर म्हणाले.

"कुणाचंच नाय. सगळ्यांला एकच गेलंय," काकू म्हणाल्या आणि त्या रविवारी सकाळीच पुढं गेल्या.

सर पुन्हा कोट घालून फाटकाशी बसलेले दिसले. मी या खेपेला काही विचारलं नाही. दहा मिनिटांनी त्यांनीच माझं दार वाजवलं.

"गाडी काढ."

"आमंत्रण आलं का सर?"

"गाडी काढ म्हणलं ना."

वाटेत कळलं, भाकरी खायची राहिली होती.

बिडकीनला बारशाच्या हॉलमध्ये वैशाली कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ झोपलेलं. बापाला बघून तिचा चेहरा हलला, पण तिला उठता येईना. सर दोन हात अंतरावर थांबले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. नाही.

सर वळले आणि चालू लागले. मला वाटलं, निघाले. बघतो तर ते जेवणाच्या रांगेत उभे होते, कोटात, हातात ताट घेऊन. तेवढ्यात वैशालीचे सासरे धावत आले आणि त्यांनी सरांचा हात धरला. "अहो सर, तुम्ही रांगेत? चला, तिकडं बसा, पान वाढलंय."

जन्मभर जे ऐकायला ते थांबले होते, ते अखेर कुणीतरी म्हणालं.

"नंतर बसतो," सर म्हणाले. "पोरगी उपाशी हाय."

ते ताट घेऊन तिच्यासमोर फरशीवर बसले. तिचे दोन्ही हात बाळाखाली अडकलेले. सरांनी पोळी मोडली, भाजीत बुडवली, तिच्या तोंडात घास दिला. मला तिकडं बघवेना आणि नजरही काढवेना. वैशालीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती भरल्या तोंडानं हसत म्हणाली, "बाबा, बिनीथ..."

"आधी गीळ," सर म्हणाले. "तोंडात घास असताना इंग्रजी बोलू नये."