अप्पांच्या चार गुंजा

मी गुंजअप्पांशी एकदा खोटं बोललो. ही गोष्ट आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. खोटं लहानच होतं. अप्पांच्या मापात एका गुंजेएवढं.

अप्पांना सगळं त्याच मापात लागतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. भालकीतल्या माझ्या सराफी दुकानात आले की चहावाल्याला सांगतात, “साखर दोन मासे.” तब्येत विचारली तर म्हणतात, “कालच्यापरीस गुंजभर बरी हाय.” खिशातल्या डबीत वेलीवरच्या खऱ्या, लाल-काळ्या गुंजा असतात.

ग्रॅमशी त्यांचं उभं वैर. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्तच. आम्ही सराफ आता सोयीनं दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो. “मग वरचा दीड ग्रॅम कुणाच्या सासऱ्यानं नेला रे तम्मा?” अप्पा मला विचारतात.

खटकचिंचोळीच्या एका सोयरिकीत नवरीला पाच तोळे घालायचं ठरलं, पानसुपारी फिरली आणि अप्पा उठले. “तोळा कंचा? जुना का नवा?” दोन्हीकडची माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. ठरलेलं लग्न पुन्हा बोलण्यांवर आलं. शेवटी नवरीचा मामा हात जोडून म्हणाला, “अप्पा, तुमी आधी जेवून घ्या.”

“जेवतो की. भात किलोचा का शेराचा?”

अशा माणसाबरोबर काशम्मानं जन्म काढला. ती गेल्यावर महिन्याभरानं अप्पा तिच्या पाटल्या घेऊन आले. माझ्या वडिलांनीच घडवलेल्या, पुऱ्या चार तोळ्यांच्या. “तोलून दे. काट्यावर तोल. तुजं ते मशीन नुसते आकडे ओकतंय.”

अप्पा समोर चहा घ्यायला गेले. पाटल्या काळवंडल्या होत्या, नक्षीत हळद बसली होती. म्हाताऱ्याला बरं वाटेल म्हणून, न विचारताच, मी त्या ब्रशनं घासून पॉलिश केल्या. त्याआधी सवयीनं वजन बघितलं होतं: तीन गुंजा कमी.

अप्पा आले. मी वडिलांच्या वेळचा तोलकाटा बाहेर काढला. एका पारड्यात चार तोळे, दुसऱ्यात पाटल्या आणि पाटल्यांच्या बाजूला अप्पा एकेक गुंज टाकत गेले. चौथीला काटा सरळ झाला.

“चार झिजल्या,” अप्पा हसले. “जाताना काय बी नेणार न्हाई म्हणायची. नेल्या बघ चार गुंजा.” मग बोट नक्षीवर फिरवत थांबले. “हितं हळद होती न्हाई रे?”

“झिजली असंल, अप्पा,” मी म्हणालो.

“व्हय. तिचं कामच तसलं.”

त्या चार गुंजा त्यांनी डबीत परत टाकल्या नाहीत. रुमालात बांधल्या. दर अमावास्येला पाटल्या आणि तो रुमाल घेऊन येतात, काटा सरळ झालेला बघतात, रुमालाला म्हणतात, “हायस नव्हं?” मला म्हणतात, “ठेव रे काटा.” परवा मी धीर करून विचारलं, “अप्पा, सारखं सारखं कामून तोलता?”

“तिचं एवढंच तर वजन उरलंय माज्याकडं.”

त्या चारांतली एक काशम्माची नाही, माझ्या ब्रशाची आहे. आणि हळद झिजली नव्हती, मी धुतली. एवढं खरं मी अप्पांना अजून देणं लागतो.