दोन टोकं आणि एक कोट

शिकारीचा हंगाम शनिवारी उघडायचा होता आणि गुरुवारची सकाळ सरत आली तरी बाणाला कोणतं टोक लावायचं, हे आर्वो लाम्पीचं ठरलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही टोकं शेजारी शेजारी मांडली होती. एक पक्क्या पात्यांचं. तीन पाती कायमची बाहेर, बघूनच बोट मागे घ्यावं अशी. दुसरं मिटत्या पात्यांचं. उडताना पाती अंगाशी घेणारं आणि हरणाला लागलं की उघडणारं. मधल्या बशीत त्याच्या बायकोनं, नोरीननं, कामावर जाताना ठेवलेली मांस-बटाट्याची पास्टी गार होत होती.

समोर नोरीनचा भाऊ क्लेटन बसला होता. त्याचं करवती दुरुस्त करायचं दुकान होतं. हंगामाआधीचा आठवडाभर ते बंद असे, कारण मालकाला दाजींच्या घरी वाद घालायचा असे.

“दाजी, पक्क्या टोकाची पाती म्हणजे शिडं,” क्लेटन म्हणाला. “जरा वारं आलं की तुझा बाण चालला कॅनडात.”

“आणि तुझं ते ऐन वेळी उघडलंच नाही तर?”

“छत्री एकदा उघडली नाही म्हणून माणूस छत्री सोडतो का?”

“छत्री मी हरणाला मारत नाही.”

असं तीन आठवडे चाललं होतं. क्लेटनला वादाची हौस होती, पण आर्वोचं दुखणं निराळं होतं. गेल्या वर्षी त्यानं एका नराला बाण मारला. लागला, पण नीट लागला नाही. रक्ताचे थेंब शोधत तो दिवसभर दलदलीत फिरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरला. हरीण सापडलं नाही. त्यानंतर थंडीभर जेवताना मधेच त्याचा हात थांबे आणि नोरीन काही विचारत नसे. एकसष्ट वर्षांच्या माणसानं मुक्या जनावराला असं अर्धवट सोडावं, याची त्याला लाज वाटत होती. टोक बरोबर निवडलं तर पुन्हा तसं होणार नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती, आणि म्हणूनच ते निवडणं होत नव्हतं.

शेवटी दोघांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. परसात सफरचंदाच्या झाडाखाली सरावाचं फोमचं हरीण उभं होतं, शिंगांसकट. पण क्लेटननं हरकत काढली. खऱ्या हरणाला कातडी असते, केस असतात. नुसत्या फोमवर मिटत्या टोकाची परीक्षा घेणं म्हणजे अन्याय. त्याला कातडीसारखं काहीतरी हवं होतं. आर्वोनं खुंटीवरचा आपला कोट आणला. लाल-काळ्या चौकड्यांचा, जाड लोकरीचा, कोपरावर हिरवं ठिगळ असलेला तो कोट तो वीस वर्षं घालत होता, आणि गावात लोक त्याला तोंडापेक्षा कोटावरूनच लवकर ओळखत. दोघांनी मिळून तो हरणाला घातला, पुढच्या पायांवरून बाह्या ओढल्या आणि सगळी बटणं लावली.

तीस पावलांवरून आर्वोनं एक बाण मारला, क्लेटननं एक. दोन्ही बाण कोटात शिरले. कुणाचा नेमाच्या जास्त जवळ, यावरून लगेच वाद लागला, म्हणून दोघं मोजपट्टी आणायला आत गेले. आत गेलेच आहेत तर कॉफीही घेतली.

मोजपट्टी सापडली तेव्हा परसातून धाडधाड आवाज आला. खिडकीतून बघतात तो एक दांडगा खरा नर त्यांच्या फोमच्या हरणाला भिडलेला. ऑक्टोबर तोंडावर आला की हे नर मस्तीला येतात, आणि आपल्या सफरचंदांखाली चौकड्यांच्या कोटातला परका नर उभा आहे, हे याला खपलं नसावं. त्यानं दोनतीन धडका दिल्या, शिंगं कोटात अडकली, मान उचलून झटका दिला तशी फोमच्या हरणाची मुंडी एकीकडे उडाली, मागचा भाग जागेवर राहिला आणि कोटातलं धड त्याच्या डोक्यावर चढलं. घाबरून तो कुंपणावरून उडाला आणि रस्त्याच्या दिशेनं दिसेनासा झाला. बाह्या वाऱ्यावर हलत होत्या.

दोघं मोजपट्टी धरून उभे राहिले.

“पोलिसात कळवायला पाहिजे,” आर्वो म्हणाला.

“काय कळवणार? हंगाम उघडायला दोन दिवस आहेत आणि आपले दोन बाण घेऊन एक हरीण हिंडतंय?” क्लेटननं आवाज खाली आणला. “तीन वर्षं परवाना जाईल, दाजी. धनुष्यं जप्त होतील ती वेगळीच.”

आर्वोला ते पटलं. गुपचूप मागावर जायचं, कोट सोडवायचा आणि कुणाशी बोलायचं नाही, असं ठरवून दोघं क्लेटनच्या गाडीतून निघाले. वाटेत आर्वोनं खिसा चाचपला, तेव्हा त्याला आठवलं की फोन कोटातच राहिला आहे.

तिकडे लाकडाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर गावातल्या पोस्टात शिरला आणि खुर्चीवर बसला. पाणी प्यायल्यावर त्यानं सांगितलं की एका हरणानं एक माणूस पळवून नेला. चौकड्यांचा कोट घातलेला म्हातारा होता, शिंगांवर आडवा पडला होता, हात हलवून मदत मागत होता. कुणीतरी त्याला सोडवायला बाण मारले होते, पण तेही त्यालाच लागले होते. डोकं काही दिसलं नाही.

खिडकीमागे तिकिटं फाडत नोरीन बसली होती. तिनं शांतपणे विचारलं, कोटाच्या कोपरावर हिरवं ठिगळ होतं का. ड्रायव्हरनं थोडा विचार करून होय म्हटलं. नोरीननं घरी फोन केला, कुणी उचलला नाही. आर्वोच्या फोनवर केला, नुसता वाजत राहिला. मग तिनं शिकारखात्याच्या अधिकारी बाईंना कळवलं. डेल्फीन बोड्री त्यांचं नाव. तीन महिन्यांपूर्वी दक्षिणेकडून बदलून आलेल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की फोन लावत राहा, मी आवाजाच्या रोखानं जाते.

त्यामुळे तासाभरानं आर्वो आणि क्लेटन दलदलीच्या काठानं वाकून चालले होते, तेव्हा त्यांना झाडीत लांबवर आर्वोचा फोन वाजताना ऐकू आला, आणि वळणावर गणवेशातल्या बाई समोर आल्या.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “जरा हळू. एका माणसाचा शोध चाललाय. आर्वो लाम्पी. ओळखता का?”

परवाना, धनुष्य आणि तीन वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. “तोंडओळख आहे,” तो म्हणाला. “काय झालं त्याला?”

बाईंनी टोपी काढली. ते पाहून आर्वोनंही काढली. मग तिघं मिळून आर्वो लाम्पीला शोधायला निघाले. बाई चौकशी करत होत्या, माणूस कसा होता, वजन किती असेल. क्लेटननं दाजी स्वभावानं बरे पण हट्टी होते, असं सांगितलं. आर्वोला भूतकाळ खटकला.

“तुम्ही त्यांचे कोण?” बाईंनी वही काढून क्लेटनला विचारलं.

“मेव्हणा. त्याची बायको माझी बहीण.”

“आणि हे?”

क्लेटनला खोटं बोलायला सुचलं नाही. “हे माझे दाजी.”

बाईंनी ते लिहून घेतलं. दहाबारा पावलं गेल्यावर त्या थांबल्या आणि वहीत पाहिलं. “तुम्हाला बहिणी किती?”

“एकच.”

त्या दोघांकडे वळणार, इतक्यात अगदी समोर फोन वाजला. झुडपात कोट अडकला होता. हरणानं मान झाडून तो तिथे टाकला होता आणि ते निघून गेलं होतं. कोटातून फोमचं धड बाहेर आलं होतं. बाईंनी खिशातला फोन काढून कानाला लावला, पण पलीकडचा आवाज इतका मोठा होता की तिघांनाही ऐकू आला. नोरीन रडत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात आर्वोनं तिला रडताना दोनदाच ऐकलं होतं, दोन्ही वेळा कुणीतरी खरंच गेलं होतं.

त्यानं हात पुढे करून फोन घेतला. “नोरीन, मी आहे. मला काही झालेलं नाही. हरणानं नुसता कोट नेला.”

पलीकडे नाक पुसल्याचा आवाज आला. मग नोरीननं विचारलं, “पास्टी खाल्लीस का?”

“नाही,” आर्वो म्हणाला.

“बरं,” म्हणून तिनं फोन ठेवला. आरडाओरडा झाला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बाई एका ओंडक्यावर बसल्या आणि त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकली. फोमवर बाण मारायला हंगाम लागत नाही, कायदा काही मोडलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. हे सकाळीच फोन करून विचारलं असतं तर सरकारचा अर्धा दिवस वाचला असता, असंही सांगितलं. मग त्यांनी बाण तपासले. क्लेटनचं मिटतं टोक कोटाच्या अस्तरात मिटलेलंच अडकलं होतं. आर्वोचं पक्कं टोक आरपार गेलं होतं, पण नेमापासून चांगलं वीतभर खाली.

“म्हणजे मिटतं उघडत नाही आणि पक्कं जागेवर जात नाही,” बाई म्हणाल्या. “दोघंही बरोबर बोलत होता.”

दोघांनाही आपण हरल्यासारखं वाटलं.

जाताना आर्वोनं त्यांना हळूच विचारलं, तुम्ही असता तर काय लावलं असतं. गेल्या वर्षीच्या त्या हरणाचीही गोष्ट त्यानं सांगितली, जी त्यानं क्लेटनलासुद्धा नीट सांगितली नव्हती.

“किती लांबून मारला होता?”

“पंचेचाळीस पावलं असतील.”

“मग टोकाला कशाला दोष देता? वीस पावलांवर येऊ द्या. नाही आलं तर मारू नका.”

शनिवारी पहाटे आर्वो झाडावरच्या मचाणावर बसला. बाणाला पक्कं टोक होतं, कारण पेटीत हाताला तेच आधी लागलं. दहाच्या सुमारास एक सुरेख नर आला, चाळीस पावलांवर थांबला, बराच वेळ चरला आणि गेला. आर्वोनं दोरी ओढली नाही. उतरला तेव्हा हात रिकामे होते, पण वर्षभरात प्रथमच त्याला सपाटून भूक लागली होती.

घरी आला तर अंगणात खात्याची गाडी उभी. नोरीन पोस्टातून दुपारी परतत असताना वळणावर एक आठ टोकांच्या शिंगांचा नर तिच्या मोटारीपुढे आला होता. मोटारीचा डावा दिवा फुटला होता आणि हरीण जागच्या जागी मेलं होतं. डेल्फीनबाई ते मांसासाठी घरी ठेवायच्या परवानगीचा कागद नोरीनच्या नावानं लिहून देत होत्या.

“एका क्षणात संपलंय, त्याला कळलंसुद्धा नसेल,” त्या आर्वोला म्हणाल्या. “या हंगामात इतकी स्वच्छ शिकार अजून पाहिली नाही.”

त्या आठवड्यात पोस्टात रांग लागली. तिकिटं कुणालाच नको होती, नोरीननं कोणतं टोक वापरलं ते हवं होतं. ती सगळ्यांना डावा बंपर म्हणून सांगे.

रविवारी ती मांस शिजवून टेबलावर घेऊन आली. क्लेटननं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, की मिटतं टोक असतं तर मांस इतकंसुद्धा खराब झालं नसतं. आर्वोनं काटा खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

“ज्याला टोकांवर बोलायचंय,” नोरीन बटाटे वाढत म्हणाली, “त्यानं आधी माझं हरीण ताटातून काढून ठेवायचं.”

दोघांनी आपापल्या ताटाकडे पाहिलं. मग आर्वोनं काटा उचलला आणि क्लेटनला मीठ पुढे करायला सांगितलं.