गरम पाण्याची लेखी मागणी

मसुदा लिहावा तर सावळीरामनंच! कचेरीत तो हेडक्लार्क होता. त्याच्या अर्जाला नाही म्हणणारा साहेब अजून जन्माला यायचा होता, असं तो स्वतःच सांगायचा. किराण्याची यादीसुद्धा तो 'विषय' टाकून सुरू करी आणि शेवटी 'त्वरित कार्यवाही व्हावी' असं लिही.

नाशकात मखमलाबाद रोडला रंगूबाईंच्या दोन खोल्या त्यानं भाड्यानं घेतल्या होत्या. रंगूबाईंची झेंडूची शेती. त्या अंगणापलीकडे, हाकेच्या अंतरावर राहायच्या. भाड्याचा करारही सावळीरामनंच लिहिला होता आणि त्यात एक झकास कलम घातलं होतं : 'गरम पाण्याची सोय मालक करून देतील.' त्याप्रमाणे न्हाणीघरात गिझर लागला.

दोन हजार एक सालच्या डिसेंबरात निफाडचा पारा चार अंशांवर आल्याचं पेपरात छापून आलं आणि त्याच दिवशी गिझरनं डोळे मिटले!

"मी मावशींना सांगून येते," बायको, शुभांगी, पदर खोचत म्हणाली.

"थांब! तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. भाडेकरूला हक्क असतात, शुभांगी. मी नोटीस देणार. रजिस्टर्ड!"

"अहो, त्या समोर झेंडू निवडतायत!"

"निवडू देत. पोच पाहिजे."

नोटीस शहरभर फिरून समोरच्या अंगणात यायला चार दिवस लागले. तोपर्यंत सावळीरामनं गार पाण्यानं अंघोळी केल्या. पहिल्या तांब्याला तो कुलदैवताचं नाव घ्यायचा, पाचव्या तांब्यापर्यंत तेहतीस कोटी देव संपत! शेवटी पोस्टमन आला. त्यानं या दारावरचं नाव वाचलं, त्या दारावरचं वाचलं आणि विचारलं, "साहेब, पाठवणारे तुम्ही, घेणाऱ्या त्या. मग मधे मी कशाला?"

संध्याकाळी रंगूबाई पाकीट घेऊन सावळीरामच्याच दारात हजर!

"भाऊसाहेब, शिक्क्याचा कागद आलाय. मला कुठं वाचता येतंय? बघा बरं, काय गुन्हा केला मी?"

सावळीरामला एकदम खोकला आला. चष्माही सापडेना. मग शुभांगीनं पाकीट फोडलं आणि शाळेत धडा वाचावा तसा मोठ्यानं मजकूर वाचला : "'आपल्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे अर्जदार कडाक्याच्या थंडीत काकडत असून त्याचे आरोग्य धोक्यात आले आहे...'"

"अगं आई गं! कोण बिचारा?"

"हे," शुभांगी नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

रंगूबाई म्हणाल्या, "म्हंजे गिझर बंद पडला व्हय? मग उद्याच मिस्तरी धाडते की!"

प्रकरण इथंच मिटलं होतं. पण सावळीरामला राहवलं नाही. "तसं नाही चालत, रंगूबाई. नोटिशीला लेखी उत्तर द्यावं लागतं. नाहीतर पुढची कारवाई होते!"

"कारवाई?" रंगूबाई घाबरल्या. "मग उत्तर बी तुम्हीच लिवा. तुमच्यावाणी अक्षर कुणाचं हाय?"

झालं! स्तुती कानावर पडली आणि पेन उघडलं. आता दुसऱ्या बाजूनं लिहायचं म्हणजे काय हलकं लिहायचं? ते सावळीरामच्या रक्तातच नव्हतं. त्यानं स्वतःचीच नोटीस समोर ठेवली, तिच्यात सात चुका काढल्या आणि मांडीवर थाप मारून लिहिलं : 'करारात गिझर हा शब्द कोठेही नाही. केवळ "सोय" म्हटले आहे. पाणी तापवण्याचा बंब ही देखील सोयच होय. तो पेटवण्याची जबाबदारी सर्वस्वी वापरणाऱ्याची राहील. सबब, आपली मागणी फेटाळण्यात येत आहे!'

"वा!" तो स्वतःच म्हणाला. "याला तोड नाही!"

रंगूबाईंनी अंगठा उठवला. "म्हंजे गिझर दुरुस्त करणं माझ्याकडं येत नाय?"

"मुळीच नाही!" सावळीराम गर्जला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, फेटाळली ती त्याचीच मागणी!

"मग ऱ्हायलं. तुम्ही शिकलेली माणसं, खोटं कशाला लिवाल?"

शुभांगीनं त्या रात्री पोळ्या फार जोरात लाटल्या.

सकाळीच रंगूबाईंनी तांब्याचा बंब आणून ठेवला. वर वाळलेल्या झेंडूच्या झाडांचा भाराही दिला. सावळीराम पंचा गुंडाळून बंब पेटवायला बसला. झाडं आतून ओलीच होती. त्यानं फुंकर मारली, बंबानं धूर मारला! बघता बघता न्हाणीघर दिसेनासं झालं. खिडकीतून धुराचे लोट निघाले.

शेजारचे कारभारी गच्चीवरून ओरडले, "अहो, काय पेटलं?"

"बंब!" सावळीराम खोकत ओरडला. "बंब! बंब!"

"आलंच लक्षात!" म्हणत कारभारी फोनकडे धावले.

वीस मिनिटांत घंटा वाजवत, लाल, भलामोठा, आगीचा बंब गल्लीत! सावळीराम हात हलवत बाहेर आला. "आग नाही! नुसता धूर आहे!" पण घंटेपुढे त्याचं कोण ऐकतंय? जवानांनी नळी रोखली आणि खिडकीबरोबर सावळीरामही धुऊन निघाला. आख्खी गल्ली बघायला उभी. चार अंशांतलं ते पाणी, अंगावर पंचा, आणि देवाचं एकही नाव आठवेना!

"घटना कशी घडली, लेखी द्या," अधिकारी कागद पुढे करत म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच सावळीरामनं कागद पाहून मान हलवली. दात असे वाजत होते की पेन धरताच येईना.

शुभांगीनं त्याच्या खांद्यावर चादर टाकली. अधिकाऱ्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग सरळ अंगणापलीकडे गेली. "मावशी, गिझर दुरुस्त करून द्या ना. हे आजारी पडतील."

"अगं, मग असं तोंडानं सांगायचं की!" रंगूबाई कळवळल्या. "मला वाटलं, भाऊसाहेबांना लिवायची हौस हाय, कशाला मधे पडू!"

दुपारी मिस्तरी आला. गिझरची जळालेली वायर बदलली. अर्ध्या तासात वाफाळतं पाणी!

रंगूबाईंनी मात्र धसका घेतला होता. "पुन्हा भानगड नको. नवा कागद करा."

सावळीरामचा हात आपसूक खिशाकडे गेला. शुभांगीनं पेन काढून घेतलं आणि वहीच्या पानावर लिहिलं : 'गिझर बिघडला तर शुभांगीने हाक मारावी, मावशींनी दुरुस्त करून द्यावा.'

रंगूबाईंनी अंगठा उठवला. सावळीरामनं कागद वरून खाली, खालून वर वाचला. ना विषय, ना संदर्भ, तारीखसुद्धा नाही! सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"काही म्हणायचंय?" शुभांगीनं विचारलं. तिचा हात गिझरच्या बटणावर होता.

सावळीरामनं मुकाट्यानं सही केली आणि टॉवेल घेऊन आत गेला.