पुलावर थांबणारे नाना

टीव्हीवरच्या खेळातल्या पुलाला कठडा नाही म्हणून संतापून चहा अर्धा टाकून घरी गेलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. चहा माझा होता, टीव्ही माझा होता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला तोच माणूस पुन्हा माझ्याच दारात चपला काढत होता.

हे आमचे शेजारी, नाना पावसकर. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच चिऱ्याचा गडगा, कमरेएवढी भिंत. नाना सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. जन्मभर रस्ते, मोऱ्या आणि साकव तपासले. साकव म्हणजे पऱ्ह्यावरचा, ओढ्यावरचा छोटा पूल. रत्नागिरीत हे कुणाला सांगावं लागत नाही, तुमच्यासाठी सांगते. रिटायर झाले तेव्हा बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. तपासायला काही उरलं नाही, आणि नेमका त्याच सुमाराला आमच्याकडे तो गेम आला.

आमचे हे मस्कतला. मी पत्रातून मिक्सर मागितला होता. सुट्टीवर आले ते टीव्हीला जोडायचा गेम घेऊन. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खेळ म्हणाल तर अगदी साधा. एक टोपीवाला बुटका माणूस धावतो, उड्या मारतो, शिड्या चढतो, फळ्यांवरून पलीकडे जातो. खाली मगरी. पडायला तीन जीव मिळतात, चौथा नाही. मला वाटलं, महिनाभरात सगळे कंटाळतील आणि माझा टीव्ही मला परत मिळेल. कसलं काय. ह्यांनी मागाहून मोटारींची कॅसेट पाठवली, विमानांची पाठवली. चार दिवस कौतुक झालं, पाचव्या दिवशी पुन्हा टोपीवाला. रागारागाने मीसुद्धा एकदा खेळून बघितलं आणि कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या. तो मेला पडतो ना, तो बोटभर अंतराने पडतो. चूक आपल्या अंगठ्याची असते, आणि ती आपल्याला दिसलेली असते. आता एकदाच, असं म्हणत माणूस बसतो तो उठतच नाही.

चूक अंगठ्याची, हे सगळ्यांना पटायचं. नानांना नाही. नानांच्या मते चूक पुलाची.

"हे पास कोणी केलं?" असं ते दर दोन मिनिटांनी विचारायचे. टीव्हीला विचारायचे, मला विचारायचे, एकदा लाईटबिल घेऊन आलेल्या माणसालाही विचारलं. एक फळी पाण्यावरून इकडून तिकडे सरकत असे. तिला ते 'तर' म्हणत, होडीने खाडी उतरवतात ती तर. "तरीला वेळापत्रक नको? उतारू उभा आहे आणि ही आपली चालली परत." टोपीवाल्याला तिथे उभा करून ते तरीच्या फेऱ्या वहीत लिहून घेत आणि तेवढ्यात वेळ संपून तो बिचारा उभ्या उभ्या मरे. एका संध्याकाळी तर त्यांनी पट्टी घेऊन खेळातल्या चौथ्या मजल्यावरचा पूल टीव्हीच्या काचेवरच मोजला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. माझ्या टीव्हीच्या काचेवर. मी भिजवलेलं फडकं त्यांच्यासमोर आपटलं तर म्हणतात, "थांबा वहिनी, उतार घ्यायचा राहिलाय."

माझ्या सासूबाई मात्र खेळात तरबेज. एरवी गुडघ्यांमुळे देवळापर्यंत जाववत नाही, पण खेळाची दांडी हातात आली की बाईला दया ना माया. टोपीवाला मगरीच्या तोंडात गेला तर म्हणायच्या, "जाऊ दे, अजून दोन आहेत." ह्यावर नाना लालबुंद व्हायचे. "आक्का, दोन आहेत म्हणजे काय? हा गेला त्याचं काय?"

नानांचं घोडं अडलं होतं ते त्या चौथ्या मजल्याच्या पुलावर. सहा फळ्या. पाय ठेवला की फळी हलते, थांबलं की कोसळते. न थांबता धावत सुटायचं, एवढीच त्यातली युक्ती. आमच्या गल्लीत ज्याने त्याने तो पूल पार केला होता. नाना रोज तिथवर येत, चार फळ्या पार करत, आणि पाचवीवर टोपीवाल्याला थांबवून मागे वळवत. की खलास.

"धावा ओ नाना," सासूबाई ओरडायच्या. "मागे काय तुमचा ठेवलेला आहे?"

नाना चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. असं दोन वर्षं.

मग ह्यांचं पत्र आलं. गेम नणंदेकडे लोट्याला पाठवायचा, तिचा नवरा रविवारी कंपनीच्या बसने येऊन घेऊन जाईल. मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. नानांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "तेवढा एकदा पलीकडे जाऊ दे," म्हणाले. त्या आठवड्यात ते सहाऐवजी चारला यायला लागले.

शनिवारी आठ वेळा पडले. नवव्यांदा पाचव्या फळीवर थांबले तेव्हा माझा तोल सुटला. पोळ्या टाकून मी हातातल्या लाटण्यासकट बाहेर आले. "नाना, दोन वर्षं मी माझ्याच घरात चोरासारखी वावरतेय. बातम्या नाहीत, की काही नाही, सगळं ह्या पुलापायी. नुसतं धावलं की माणूस वाचतो. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

नानांनी दांडी खाली ठेवली. "कळतं, वहिनी. मी धावलोय एकदा."

मग त्यांनी सांगितलं. चिपळूण भागात होते तेव्हाची गोष्ट. पावसात एक जुना लाकडी साकव तपासायला गेले. पुढे नाना, मागे मोजायची फीत धरून मुकादम गंगाराम. मध्यावर फळ्या कडकडल्या. नाना पळाले, पलीकडे पोचले, आणि मग मागे वळून बघितलं. गंगाराम खाली, पऱ्ह्यात. लोकांनी काढला, जगला, पण कंबरेतून पाय गेला. कुबडी आली. दुसऱ्याच महिन्यात नानांची बदली झाली. "आणि मला बरं वाटलं बदली झाल्याचं," नाना म्हणाले. "अकरा वर्षं झाली. तोंड दाखवायला गेलो नाही."

मी लाटणं पदराआड घेतलं. मला माझीच लाज वाटली.

सासूबाईंना काही लाजबीज वाटली नाही. त्या भडकल्या. "आता कुठे असतो तो?"

"सावर्ड्याला. पानाचं दुकान टाकलंय म्हणतात."

"म्हणजे माणूस जिता आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोन वर्षं हितं ह्या टोपीवाल्यासाठी थांबताय? काय म्हणायचा तुम्हाला?" उठवत नव्हतं तरी उठल्या आणि टीव्हीची वायर ओढून काढली. "उद्या सकाळची पहिली एस्टी. नाय गेलात तर ह्या घराची पायरी चढू नका."

रविवारी गेम लोट्याला गेला. नानांच्या दाराला दिवसभर कुलूप होतं. मी उगाचच चार वेळा गडग्यापाशी जाऊन आले. संध्याकाळी ते स्टँडवरून घरी न जाता थेट आमच्या ओटीवर येऊन बसले. शर्ट घामाने चिकटलेला.

"भेटला?" सासूबाईंनी विचारलं.

"भेटला."

"मग? काय म्हणाला?"

"रागावला," नाना म्हणाले. "भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर रागावला. म्हणाला, धडधाकट होतात तर निरोप नाही धाडायचा? साहेब बघायला आले नाहीत, म्हणजे साहेबांनाच माझ्यापेक्षा जास्त लागलं असणार, असं मी अकरा वर्षं घरात सांगतोय."